डेबियन १३ केल्यावर लॅन कार्डाचं नाव बदललं आणि काउंटर बंद पडले, तर काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. निपाणीजवळची एक सौहार्द सोसायटी. हेड ऑफिसच्या सर्व्हरवर डेबियन लिनक्सची १२ आवृत्ती होती, रविवारी ती १३ केली. मशीनमध्ये दोन नेटवर्क कार्डं आहेत. मदरबोर्डवरचं फायबरच्या मोडेमला जोडलेलं, आणि वेगळं बसवलेलं दुसरं कार्ड काउंटरच्या स्विचला. रिस्टार्ट झाल्यावर सर्व्हरवर इंटरनेट चालतं, पण सगळे काउंटर बंद. ‘ईएनपी३एस० हे डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश येतो आणि यादीत त्याच्याऐवजी ‘ईएनएस२’ असं पूर्वी कधीच न पाहिलेलं नाव दिसतं. तुम्ही विचारलंय, कार्ड जळलं काय? आणि कुणीतरी सांगितलंय तसं कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, पॅरामीटर देऊन ‘ईटीएच०’ हे जुन्या पद्धतीचं नाव परत आणू का?

कार्ड जळलेलं नाही. जळालेलं कार्ड एक तर यादीतून गायब होतं, नाही तर त्याचा पोर्ट मेलेला असतो पण नाव जुनंच राहतं. नवं नाव घेऊन ते पुढे येत नाही. तुमचं कार्ड जागेवर आहे, कर्नलनं ते ओळखलंय, फक्त त्याला हाक मारायचा शब्द बदललाय. आणि ‘ईटीएच०’ परत आणू नका. का ते खाली सांगतो.

मी बेळगावात राहतो आणि वीसेक वर्षं हेच काम करतोय. उद्यमबागेतल्या फाउंड्र्या, वडगावचे यंत्रमागवाले, खानापूरपासून चिकोडीपर्यंतच्या सोसायट्या. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो: इथे मी सगळे शब्द आणि आज्ञा फोनवर सांगतो तशा लिहिल्यात. टर्मिनलवर टाकताना त्या छोट्या इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत टाका.

आधी उद्या सकाळचं बघू. दहा वाजता काउंटर उघडणार, संध्याकाळी पिग्मी एजंट मशीन घेऊन रांगेत उभे राहणार. तोपर्यंत कायमचा इलाज झाला नाही तरी चालेल, पण काम चालू झालं पाहिजे. त्याआधी खात्री करा की ईएनएस२ हेच तुमचं जुनं ईएनपी३एस० आहे. ‘युडेव्ह-एडीएम इन्फो’ ही आज्ञा द्या आणि तिच्यापुढे सिस, क्लास, नेट या वाटेवरचं ईएनएस२ द्या. बरंच काही छापून येईल. त्यातल्या दोन ओळी शोधा. एकीत ‘आयडी नेट नेम पाथ’ असेल, दुसरीत ‘आयडी नेट नेम स्लॉट’. पाथच्या पुढे ईएनपी३एस० आणि स्लॉटच्या पुढे ईएनएस२ दिसलं, की शंकेला जागा उरत नाही. एकाच कार्डाची ही दोन नावं आहेत, दोन्ही सिस्टिमला ठाऊक आहेत, अपग्रेडआधी ती पहिलं वापरत होती, आता दुसरं वापरते.

मग चार आज्ञा. ‘आयपी लिंक सेट ईएनएस२ डाऊन’ म्हणून कार्ड खाली आणा. जुनं नाव कार्डाला पर्यायी नाव म्हणून लागलेलं असतं आणि ते असेपर्यंत नाव बदलत नाही, म्हणून ‘आयपी लिंक प्रॉपर्टी डेल डेव्ह ईएनएस२ ऑल्टनेम ईएनपी३एस०’ देऊन ते काढा. ‘आयपी लिंक सेट ईएनएस२ नेम ईएनपी३एस०’ म्हणून जुनं नाव द्या. मग ‘इफअप ईएनपी३एस०’. तुमची जुनी इंटरफेसेस फाइल तशीच असल्यामुळे आयपी पत्ता आपोआप बसेल. शेवटी काउंटरच्या मशीनना आयपी पत्ते वाटणारी डीएचसीपीची सेवा आणि फायरवॉलची सेवा रिस्टार्ट करा. काउंटर चालू झाले पाहिजेत. हे नाव पुढच्या रिस्टार्टला पुसलं जाईल, म्हणून लाइट गेली आणि यूपीएसनं साथ सोडली तर या आज्ञा पुन्हा द्याव्या लागतील. कागदावर लिहून सर्व्हरच्या रॅकला चिकटवा.

आता हे झालं कशामुळे ते.

पूर्वी कर्नल कार्डांना सापडतील त्या क्रमानं ईटीएच०, ईटीएच१ अशी नावं द्यायचा. एकच कार्ड असेल तर काही बिघडत नव्हतं. दोन असली आणि त्यांचे ड्रायव्हर वेगळे असले की आज हे आधी, उद्या ते आधी. त्यावर उपाय म्हणून कार्डाचा मॅक पत्ता (कारखान्यातच कार्डाला मिळालेला क्रमांक) आणि नाव यांची जोडी एका नियमांच्या फाइलीत आपोआप लिहिली जाऊ लागली. तिचं नाव सत्तर आकड्यानं सुरू व्हायचं, जुन्या माणसांना आठवत असेल. मग २०१३ च्या जानेवारीत सिस्टिमडीची, म्हणजे लिनक्स सुरू करून त्याच्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची, १९७ आवृत्ती आली आणि कार्ड कुठे बसलंय त्यावरून नाव द्यायची पद्धत सुरू झाली. मदरबोर्डवरचं कार्ड असेल आणि बायोस त्याचा क्रमांक सांगत असेल तर ‘ईएनओ१’. स्लॉटचा क्रमांक कळत असेल तर ‘ईएनएस२’. दोन्ही कळत नसेल तर पीसीआय बसवरचा पत्ता घेऊन ‘ईएनपी३एस०’, म्हणजे तिसरी बस, शून्यावं उपकरण. यूएसबीच्या कार्डाला बहुधा ‘ईएनएक्स’ आणि पुढे पूर्ण मॅक पत्ता. नाव निवडताना सिस्टिम याच क्रमानं जाते: आधी ऑनबोर्ड, मग स्लॉट, मग पाथ.

हा क्रम लक्षात ठेवला की तुमच्याकडे काय झालं ते उलगडतं. बऱ्याच मदरबोर्डांचं फर्मवेअर प्रत्येक स्लॉटचा क्रमांक एसीपीआयच्या तक्त्यात, म्हणजे हार्डवेअरची माहिती सिस्टिमला देणाऱ्या तक्त्यात, ‘सन’ नावाच्या नोंदीत ठेवतं. डेबियन १२ मधली सिस्टिमडी २५२ ती नोंद विचारात घेत नव्हती. तिला स्लॉट कळला नाही, म्हणून ती पाथवर गेली आणि नाव पडलं ईएनपी३एस०. डेबियन १३ मधली २५७ ती नोंद वाचते. स्लॉट कळला, आणि स्लॉटचा मान पाथच्या वर, म्हणून नाव झालं ईएनएस२. तुमच्या हातून काही चुकलेलं नाही. डेबियन १३ च्या प्रकाशन टिपांमध्ये या बदलाची सूचना दिलेली आहे, आणि इंटेलच्या आय४०ई ड्रायव्हरवर चालणाऱ्या कार्डांचीही नावं बदलू शकतात असं तिथे म्हटलंय. ती कार्डं मोठ्या सर्व्हरांत असतात, सोसायटीच्या मशीनमध्ये सहसा नसतात.

तरीही एक विचारतो. त्याच रविवारी मशीन उघडून आणखी काही बसवलंत का? माझ्याकडे अशा तक्रारी येतात, त्यातल्या बऱ्याच वेळी अपग्रेडच्या आधी ‘हाय तसंच उघडलंय तर’ म्हणून एनव्हीएमई डिस्क किंवा ग्राफिक कार्ड बसवलेलं असतं. त्यानं पीसीआय बसचे क्रमांक सरकतात, ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होतं, आणि दोष अपग्रेडवर जातो. तुमच्याकडे पीच्या जागी एस आलाय, त्यामुळे मला सनची नोंदच कारण वाटते. पण वर सांगितलेल्या पाथच्या ओळीत ईएनपी३एस० न दिसता दुसराच आकडा दिसला, तर दोन्ही गोष्टी एकदम झाल्यात असं समजा.

आणि यादीत नवं नावच दिसत नसेल, फक्त एकच कार्ड दिसत असेल, तर हा सगळा विचार सोडून द्या. तो नावाचा प्रश्न नव्हे. तिथे ‘एलएसपीसीआय’ला एनएनके हा पर्याय देऊन कार्ड दिसतं का, त्याच्यापुढे ड्रायव्हर लिहून येतो का ते बघायचं. रियलटेकच्या काही कार्डांना फर्मवेअरची वेगळी फाइल लागते, आणि डेबियन १२ पासून अशा फाइली नॉन-फ्री-फर्मवेअर या वेगळ्या विभागात गेल्यात. ११ वरून पुढे आलेल्या मशीनवर तो विभाग सोर्सच्या यादीत घालायचा राहून जातो.

आता ईटीएच०. ‘नेट डॉट इफनेम्स बरोबर शून्य’ हा पॅरामीटर दिला की ही सगळी नवी पद्धत बंद होते आणि कर्नलचीच नावं राहतात. एकच कार्ड असलेल्या मशीनवर मीही तो कधी कधी देतो, विशेषतः एखादं जुनं लायसन्सचं सॉफ्टवेअर ईटीएच० चाच मॅक पत्ता शोधत असेल तेव्हा. पण तुमच्याकडे दोन कार्डं आहेत आणि त्यातलं एक थेट बाहेरच्या जगाकडे तोंड करून आहे. कुठलं ईटीएच० होईल आणि कुठलं ईटीएच१, याची हमी नाही. दहा वेळा बरोबर येईल. अकराव्या वेळी कर्नल अपडेटनंतर अदलाबदल होईल, आणि काउंटरसाठी मोकळे ठेवलेले फायरवॉलचे नियम मोडेमच्या बाजूला लागतील. लोकांच्या ठेवींचा हिशोब ज्या मशीनवर आहे तिथे मी ही जोखीम घेणार नाही, तुम्हीही घेऊ नका.

दुसरी वाट म्हणजे नावाची जुनी पद्धत पक्की करणं. ‘नेट डॉट नेमिंग-स्कीम बरोबर व्ही२५२’ असा पॅरामीटर ग्रबच्या, म्हणजे लिनक्स चढवणाऱ्या प्रोग्रामच्या, फाइलीत घालून ‘अपडेट-ग्रब’ केलं, की सिस्टिमडी नवीन असूनही नावं डेबियन १२ सारखीच देते. हा मार्ग सुरक्षित आहे. एखाद्या मशीनवर वीस-पंचवीस ठिकाणी जुनं नाव लिहिलेलं असेल आणि आज वेळ नसेल, तर मी हेच करतो. पण नाव अजूनही बसच्या क्रमांकावरच लटकलेलं राहतं. उद्या डिस्क बसवलीत की पुन्हा हाच खेळ.

म्हणून माझा सल्ला तिसरा आहे: कार्डाला तुम्हीच नाव द्या. आमच्या बेळगावचं सरकारी नाव २०१४ च्या १ नोव्हेंबरला बदलून बेळगावी झालं. दुकानाची पाटी, बिलबुक, बँकेचं पासबुक, सगळीकडे गोंधळ. पण पत्रं पोचायची थांबली नाहीत, कारण पोस्टमन ५९०००१ बघत होता. कार्डाचा मॅक पत्ता हा तसा पिनकोड आहे. नाव त्याच्याशी बांधून टाका, मग सिस्टिमडीनं पद्धत बदलली काय, डिस्क बसवली काय, नाव हलत नाही.

करायचं असं. ईटीसीखाली सिस्टिमडी, त्याच्या आत नेटवर्क हा फोल्डर. तिथे ‘१०-काउंटर डॉट लिंक’ अशी फाइल बनवा. सुरुवातीचा १० महत्त्वाचा आहे. मूळची फाइल ९९ नं सुरू होते, फाइली आकड्यांच्या आणि अक्षरांच्या क्रमानं वाचल्या जातात आणि जी पहिली जुळते तीच लागू होते. फाइलीत दोन भाग असतात. चौकटी कंसातल्या ‘मॅच’ या मथळ्याखाली ‘पर्मनंट मॅक ॲड्रेस’, बरोबर, आणि कार्डाचा मॅक पत्ता. ‘लिंक’ या मथळ्याखाली ‘नेम’, बरोबर, ‘काउंटर०’. इथे मात्र सगळी अक्षरं छोटी चालत नाहीत: ‘मॅच’, ‘लिंक’ आणि ‘नेम’ यांचं पहिलं अक्षर मोठं, आणि ‘पर्मनंट मॅक ॲड्रेस’ हे मध्ये जागा न सोडता, पर्मनंटचा पी, मॅकची तिन्ही अक्षरं आणि ॲड्रेसचा ए मोठा. साधं ‘मॅक ॲड्रेस’ न लिहिता ‘पर्मनंट’ लिहायचं कारण असं की पुढे त्या कार्डावर व्हीलॅन किंवा ब्रिज अशी आभासी कार्डं केलीत तर तेही तोच मॅक घेतात, आणि मग एकच नाव दोघांना द्यायची वेळ येते. मोडेमच्या कार्डासाठी अशीच दुसरी फाइल, नाव ‘मोडेम०’. आज ते कार्ड बिघडलेलं नाही म्हणून सोडू नका, पुढच्या अपग्रेडला त्याची पाळी असू शकते. नाव पंधरा अक्षरांपर्यंतच चालतं, आणि ईटीएचनं सुरू होणारं नाव देऊ नका, कर्नल स्वतः ती नावं वाटत असतो आणि दोघांची टक्कर होते.

मॅकशी बांधायचं की जागेशी, हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. एप्रिल-मे महिन्यात वळवाचा पाऊस विजा घेऊन येतो आणि मोडेमच्या तारेतून येणारा झटका पहिला त्या बाजूचं कार्ड खातो. काही गिऱ्हाइकांकडे मी हे वर्षाआड बघतो. कार्ड बदललं की मॅक बदलला, म्हणजे लिंक फाइलही बदलायला हवी, आणि बदलणारा पोरगा ते विसरतो. अशा ठिकाणी मी मॅकऐवजी ‘पाथ’ लिहितो. त्याची किंमत युडेव्ह-एडीएम इन्फोच्या ‘आयडी पाथ’ या ओळीत मिळते. मग त्याच स्लॉटमध्ये कुठलंही कार्ड बसवा, नाव तेच. तुमचं मोडेमवालं कार्ड मदरबोर्डवरच आहे, ते काढून बदलता येत नाही, तेव्हा दोन्हीसाठी मॅकच घ्या असं मी म्हणेन.

फाइल लिहून झाली की ‘अपडेट-इनिटरॅमएफएस’ला यू हा पर्याय देऊन चालवा. ही पायरी गाळू नका. मशीन सुरू होताना अगदी आधी जे छोटं चित्र मेमरीत चढतं, त्यात लिंक फाइलींची प्रत असते, आणि कार्डांना नावं तिथेच पडू शकतात. एका पावसाळ्यात जांबोटीच्या बाजूला एका ऑफिसात मी फाइल बरोबर लिहून परत आलो होतो. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन: नाव जुनंच आहे. त्या रस्त्यावरून तशा पावसात पुन्हा जावं लागलं, आणि राहिली होती ती एवढी एकच आज्ञा. त्या दिवसापासून फाइल जतन केल्याबरोबर हात तिकडेच जातो.

पण सगळ्यात जास्त वेळ द्या तो पुढच्या कामाला: जुनं नाव आणखी कुठे कुठे लिहिलंय ते शोधायला. लोक इंटरफेसेस फाइल बदलतात, पिंग चालतं, आणि घरी जातात. ‘ग्रेप’ला आरएन हे पर्याय देऊन ईटीसीच्या पूर्ण फोल्डरात ईएनपी३एस० शोधा, मग मोडेमच्या कार्डाचं नाव शोधा, आणि सापडेल तिथे काउंटर० आणि मोडेम० लिहा. यूएसआर लोकलमधल्या स्वतः लिहिलेल्या स्क्रिप्ट आणि ठरल्या वेळी चालणारी क्रॉनची कामं वेगळी बघा. डीएचसीपी देणारा प्रोग्राम कुठल्या कार्डावर ऐकतो, फाइली वाटणारा सांबा कुठल्या कार्डावर ऐकतो, बॅकअपची स्क्रिप्ट कुठल्या कार्डाचा पत्ता काढते, हे सगळं त्यात येतं.

फायरवॉलकडे स्वतः डोळ्यांनी बघा. जुन्या आयपीटेबल्समध्ये नसलेल्या कार्डाचं नाव लिहिलं तरी नियम मुकाट्यानं घेतला जातो, फक्त तो कधीच लागू होत नाही. एनएफटेबल्समध्ये दोन शब्द आहेत. ‘आयआयएफनेम’ हा नावाची अक्षरं जुळवतो, तोही नसलेल्या नावाला हरकत घेत नाही. ‘आयआयएफ’ मात्र नियम चढवतानाच त्या कार्डाचा क्रमांक शोधतो. कार्ड सापडलं नाही की चूक दाखवतो, आणि फाइल एकदम चढत असल्यामुळे त्या एका ओळीपायी पूर्ण फाइल नाकारली जाते. म्हणजे काउंटरच्या कार्डाचं नाव बदललं आणि मोडेमच्या बाजूचा पहाराच उठला. तुमच्या सर्व्हरवर इंटरनेट ‘चालतंय’ असं तुम्ही लिहिलंय, त्यानं मला जास्त काळजी वाटते. आत्ता, हे वाचताच, ‘एनएफटी लिस्ट रुलसेट’ देऊन बघा. रिकामं आलं तर मोडेमची तार काढा आणि मग बाकीचं करा.

असंच काम कुणी उबुंटूवर, नेटप्लॅन हे त्याचं नेटवर्क जुळवायचं साधन वापरून करत असेल तर लिंक फाइल हातानं लिहायची गरज नाही. नेटप्लॅनच्या फाइलीत ‘मॅच’खाली मॅक पत्ता आणि शेजारी ‘सेट-नेम’ दिलं की तेच काम होतं.

शेवटी रिस्टार्ट, पण काउंटर बंद झाल्यावर आणि स्वतः मशीनसमोर बसून. बेळगावहून मी निपाणीला यायचं म्हणजे सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटर, म्हणून दूरून लॉगिन करून नावाशी खेळ करायचा नाही हा माझा नियम आहे. चालू झाल्यावर युडेव्ह-एडीएम इन्फो पुन्हा द्या, या वेळी काउंटर० साठी. ‘आयडी नेट लिंक फाइल’ या ओळीत तुमची १० नं सुरू होणारी फाइल दिसली पाहिजे. काउंटर० सापडलंच नाही आणि यादीतल्या नावासाठी विचारल्यावर ९९ वाली दिसली, तर मॅक पत्ता लिहिताना कुठेतरी चूक झाली आहे. मग काउंटरवर एक व्यवहार, पिग्मीच्या एका मशीनचं अपलोड आणि एक प्रिंट, एवढं बघून घ्या.

तुमच्या दुसऱ्या शाखेत असाच सर्व्हर १२ वर आहे असं तुम्ही लिहिलंय. तिथे आजच, अपग्रेडच्या आधी, ‘आयपी लिंक’चा मोबाइलवर फोटो काढून ठेवा आणि दोन्ही कार्डांच्या लिंक फाइली आधीच करून घ्या. पॅकेजं सगळी चढल्यावर आणि रिस्टार्ट करायच्या आत ‘युडेव्ह-एडीएम टेस्ट-बिल्टइन नेट-सेटअप-लिंक’ ही आज्ञा प्रत्येक कार्डासाठी द्या. मधल्या नेट-सेटअप-लिंकमध्ये टंकताना रेघेऐवजी खालची रेघ येते. रिस्टार्टनंतर सिस्टिमडी कुठलं नाव देईल ते ‘आयडी नेट नेम’च्या ओळीत आधीच कळतं. ड्रायव्हरमुळे होणारा बदल त्यात दिसत नाही, पण तुमच्याकडे झाला तो दिसला असता.

आणि पहिल्या सर्व्हरचं पाथ आणि स्लॉट या दोन ओळींचं उत्तर काय आलं ते मला कळवा. पाथमध्ये ईएनपी३एस० नसेल तर मशीनमध्ये नवीन काय बसवलंय ते त्यासोबत लिहा.